चांगुणाकाकीच्या दाराकडे तोंड

"हशा, करवत खाली ठेव," चांगुणाकाकी म्हणाली. "माड माझा हाय. पडला तर माझ्या डोक्यावर पडेल, तुझ्या नाय."

"डोक्यावर पडल्यावर मग भांडणार कोणाशी?" मी म्हटलं आणि बुंध्याला दोर बांधायला घेतला.

चौदा वर्षं झाली याला. वादळ होऊन तेव्हा अकरा दिवस झालेले. आमच्या कोळीवाड्यात वीज नव्हती, कौलं नव्हती आणि झाडं तर अशी आडवी पडलेली की कोणाचं अंगण कुठं संपतं ते कळत नव्हतं. मदतवाल्यांनी पिवळं प्लास्टिक वाटलं होतं, तेच सगळ्यांच्या छपरावर. काकीचा हा माड उभा राहिला होता खरा, पण वाऱ्याने त्याची मुंडी पार उडवून नेलेली. नुसता सोट, वर पान नाय, झावळी नाय. मुंडी गेलेला माड जगत नाय. आतून कुजतो आणि एक दिवस कुठंही आडवा होतो. हा काकीच्या छपरावरच झुकलेला. आदल्या दिवशी मी स्वतः ते प्लास्टिक ओढून बांधून दिलं होतं. त्याच्यावरच हा सोट आला तर? म्हणून मी करवत घेऊन गेलो.

काकी म्हणजे माझ्या बापसाच्या चुलत भावाची बायको. काका तांडेल होता, होडी चालवायचा. तो जाऊन नऊ वर्षं झालेली. मूलबाळ नाय. आमची आय लवकर गेली तेव्हा मला मच्छी निवडायला, जाळं शिवायला आणि शिव्या द्यायला काकीनेच शिकवलं.

"काकाने लावलेला म्हणून जीव अडकलाय, कळतंय मला," मी म्हटलं. "पण काका काय त्या माडात बसलेला नाय."

"तुला काय कळतंय रे? तू चाललास ना उरणला? मग जा की. जाणाऱ्याने जावं. माझ्या अंगणात कशाला करवत चालवतोस?"

ते मला लागलं. कारण खरं होतं. माझ्या घराची अर्धी भिंत पडलेली, जाळी वाहून गेलेली, आणि बायकोच्या भावाने उरणला एका गोडाऊनवर राखणदाराचं काम बघून ठेवलेलं. होडी पलीकडच्या बंदरातल्या श्रीपत नाखवाला द्यायची ठरली होती. पण भिंत आणि जाळी ही नुसती सांगायची कारणं. खरं सांगायचं तर सकाळी दार उघडलं की मला गाव ओळखू येत नव्हतं. जिथं सावली होती तिथं ऊन, जिथं समुद्र दिसत नव्हता तिथून समुद्र दिसायचा. परक्याच्या घरात झोपून उठल्यासारखं वाटायचं. परकंच राहायचं तर उरणला काय वाईट, तिथं पगार तरी.

मी माड कापला. दोर लावून, घराच्या उलट्या अंगाला, एकदम साफ पाडला. धप्पकन आवाज आला. काकी ओटीवर उभी होती, आत गेली आणि दार लावून घेतलं. दाराआडून म्हणाली, "आजपासून या अंगणात पाय ठेवायचा नाय."

मी म्हटलं, बोलेल चार दिवसांनी. चार दिवस गेले, आषाढ गेला, म्हातारी माझ्याशी एक शब्द बोलली नाय. बावीवर दिसली तर घागर उचलून दुसरीकडे. माझी बायको गोमती म्हणायची, "अवो, माफी मागा." मी म्हणायचो, "तिचं घर वाचवलं म्हणून माफी मागू?"

नारळी पुनव झाली. समुद्राला नारळ दिला आणि त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, होड्या निघाल्या. आमच्या वाड्याच्या पाच होड्या, त्यातल्या दोन वादळात फुटल्या. राहिल्या तीन. माझ्या होडीवर मी, धाकूमामा आणि माझा चुलत भाऊ जोमा. धाकूमामा सत्तरीचा, त्याला दुरून गाय की म्हैस कळायचं नाय, पण पाण्यात हात घालून सांगायचा की खाली चिखल हाय की वाळू. श्रीपत नाखवा पुढच्या आठवड्यात होडी न्यायला येणार होता. त्याआधी इंजिन चालवून बघायचं आणि चार मासे मिळाले तर बघायचे, एवढाच विचार.

जाताना पूर्ण भरती. भरतीला आमच्या खाडीतून आंधळाही बाहेर पडेल, सगळे खडक दोन पुरुष खोल पाण्याखाली. आणि जाताना कोणी मागं बघत नाय. पुढं समुद्र, पावसाळ्याच्या बंदीनंतर अडीच महिन्यांनी भेटलेला. जोमा गाणं म्हणत होता, वाईट आवाजात.

मासळी बरी लागली. पण दुपार कलली आणि मावळतीकडे आभाळ असं काळं झालं की कोणीतरी तव्यानं झाकलंय. धाकूमामाने नाक वर केलं. "हशा, आवर. हा वारा आपल्या पाठीवर येणार."

जाळं ओढेपर्यंत आलाच. पाऊस आडवा, लाटा पाठीमागून. बाकीच्या दोन होड्या आमच्यापेक्षा बऱ्याच बाहेर होत्या, त्या दिसेनाशा झाल्या. आम्ही तोंड फिरवलं आणि गावाकडे निघालो.

आता आमच्या खाडीचं तोंड कसं हाय ते सांगतो. डाव्या अंगाला खडकांची रांग, तिला म्हशी म्हणतात. उजव्या अंगाला दुसरी रांग, ती दात्या. मधे खोल पाण्याची वाट, एवढीशी, दोन होड्या शेजारून जाणार नायत. पाणी उतरायला लागलं की म्हशी आणि दात्या वीतभर पाण्याखाली येतात. दिसत नायत आणि सोडतही नायत. शांत दिवशी फेस बघून वाट काढता येते. वादळी दिवशी सगळीकडेच फेस. मोठ्या बोटींवर यंत्रं असतात. आमच्याकडे जोड होती. जोड म्हणजे किनाऱ्यावरच्या दोन खुणा, एक पुढं, एक मागं. मागची खूण टेकडीवरची पांढरी देवळी. पुढची खूण म्हणजे शेंडी. सगळ्या हिरव्या रेघेच्या वर एक झुबका निघायचा, त्याला बापसाच्या वेळेपासून सगळे शेंडी म्हणत आलेले. शेंडी देवळीच्या बरोबर खाली आली की सुकाणू सरळ धरायचं आणि डोळे मिटून आत यायचं. बापसाने मला दहा वर्षांचा असताना दाखवलेलं.

"जोमा, शेंडी बघ," मी ओरडलो.

जोमा पुढं उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून मान इकडून तिकडे फिरवत राहिला.

"अरे बघतोस का झोपलास?"

"दादा, देवळी दिसतेय. शेंडी नाय."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. दादा… आपलं गावच दिसत नाय. हे कोणाचं गाव हाय?"

मी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि बघितलं. हिरवी रेघच नव्हती. लाल माती, मोडकी खोडं आणि इकडे तिकडे पिवळे डाग. वाडा रोज बघत होतो आम्ही, झाडं आमच्याच हाताने तोडून ओढली होती. पण ती जमिनीवरून. समुद्रातून अडीच महिन्यांत कोणी गाव बघितलंच नव्हतं.

"शेंडी वादळात गेली असणार," धाकूमामा म्हणाला. "पण खोड राहिलं असेल की. खोड बघा. कोणाच्या अंगणात होती ती?"

मी मनातल्या मनात समुद्रातून किनाऱ्यावर गेलो. देवळी, खाली शाळेचं पत्र्याचं छप्पर, त्याच्या खाली बाव, बावीच्या डाव्या अंगाला…

मी मामाकडे वळलो.

"मामा," मी म्हटलं, "ती मीच कापली."

"काय?"

"चांगुणाकाकीचा माड. तीच शेंडी. मी जूनमधे कापला."

धाकूमामा माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय दिसत नसणार, तरी बघत राहिला. "तांडेल ना रे तू?"

वीस वर्षं त्या झाडाकडे बघून घरी आलो. पण पाण्यावर ती शेंडी होती, आणि जमिनीवर तो काकीचा माड. त्यातून मुंडी उडालेला. दोन्ही एकच, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाय. आणि डोकं तर उरणला जाऊन बसलेलं.

"अंदाजाने घे," जोमा म्हणाला.

मी अंदाजाने घेतली. इंजिन हळू केलं, देवळी धरली आणि शिरलो. जोमा पुढून ओरडला, "मागं! मागं घे!" आणि खालून कर्रर्र असा आवाज आला. दाढेखाली खडा यावा तसा. लाटेने उचलली म्हणून सुटलो. मागं घेतली. पुन्हा बाहेर, पुन्हा आडवी लाट. आता बाहेर थांबावं तर नांगर धरणार नव्हता, वारा आम्हाला खडकांवरच ढकलत होता. भरती व्हायला सहा तास. होडीत पाणी येत होतं, जोमा डब्याने उपसायला लागला. धाकूमामा देवाचं नाव घेत होता की माझ्या नावाने बोटं मोडत होता, कळत नव्हतं.

दुसऱ्यांदा तोंडावरून आडवी नेली. काय दिसत नाय. मला आत्ता आठवतं, मी त्या वेळी घाबरलो त्यापेक्षा मला लाज जास्त वाटली. परक्या माणसासारखा मी माझ्याच दारात वाट चुकलो होतो.

"दादा!" जोमा ओरडला. "पिवळं!"

"कुठं?"

"शाळेच्या खाली. उंच. छपरावर नाय, वर हाय, हवेत."

बघितलं. खरंच, एक पिवळा तुकडा, सगळ्या छपरांच्या वर, पावसात फडफडत होता.

"कोणाच्या तरी छपराचं प्लास्टिक उडून खोडाला अडकलं असेल," धाकूमामा म्हणाला. "त्याच्या नादी लागू नको. म्हशींवर चढशील."

त्याचं बरोबर होतं. असं प्लास्टिक रोज कुठं ना कुठं अडकलेलं असायचं. पण तो तुकडा होता बावीच्या डाव्या अंगाला. मी होडी तशीच धरून ठेवली आणि बघत राहिलो. तेवढ्यात जोराचा झोत आला आणि पिवळं खाली गेलं. गेलंच.

"गेलं," जोमा म्हणाला, आणि खाली बसला.

मी बघतच होतो. दहा लाटा गेल्या असतील. आणि ते पिवळं हळूहळू परत वर आलं. वाकडं, मग सरळ. त्याच जागी. थोड्या वेळाने परत पडलं, परत उभं राहिलं.

"मामा," मी म्हटलं, "वाऱ्याचं प्लास्टिक पडलं की पडतं. ते त्याच जागी परत उभं राहत नाय. कोणीतरी धरलंय ते."

"कोण धरणार? कोणाला ठाऊक शेंडी कुठं होती? तुला तांडेल असून ठाऊक नव्हतं."

वाड्यात तेव्हा पुरुष असे नव्हतेच, सगळे तीन होड्यांवर. राहिल्या बायका. बायका काय समुद्रात येत नायत, त्यांना जोड कुठली माहिती? आणि ज्या अंगणात ते उभं होतं त्या अंगणाची मालकीण माझं तोंड बघत नव्हती.

तरी मी ठरवलं. "जोमा, उभा राहा. पिवळं देवळीखाली आलं की सांग."

"दादा, चुकलं तर?"

"चुकलं तर मला शिव्या घाल. रांग मोठी हाय, मामाच्या मागं उभा राहा."

जोमा हसला, त्या तशा वेळी. मग हात वर करून उभा राहिला. "अजून… अजून… आलं!"

मी सुकाणू सरळ केलं आणि इंजिन पूर्ण जोरात सोडलं. डाव्या अंगाला म्हशींवर पाणी फुटत होतं, तुषार तोंडावर. उजव्या अंगाला दात्याचा एक काळा सुळका वर आला आणि परत बुडाला, इतका जवळ की जोमाने हात लावला असता. मी बघितलं नाय. मी फक्त पिवळ्याकडे बघत होतो. मधेच ते डुललं, पण पडलं नाय. आणि एकदम होडी गप्प झाली. खालचं पाणी जड, गुळगुळीत झालं. धाकूमामाने बाहेर हात घातला, चव बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "खाडी."

होडी वाळूला लावली. दोघांना बांधायला सांगितलं आणि मी तसाच ओल्या अंगाने वर पळत गेलो, काकीच्या अंगणात. पाय ठेवायचा नाय म्हणालेली, तेही विसरलो.

कापलेल्या माडाच्या बुंध्याला लागून सहा बायका एक बांबू धरून उभ्या होत्या. बोंबील सुकवायचे दोन लांब बांबू एकाला एक बांधलेले, आणि वर चार कोपऱ्यांना दोर बांधलेलं पिवळं प्लास्टिक. माझी गोमती त्यांच्यातच, केस सुटलेले, दात आवळलेले. मधे चांगुणाकाकी, बांबूला छाती लावून. तिच्या घराकडे बघितलं. वर वासे नुसते उघडे. पाऊस सरळ चुलीवर पडत होता. माझ्या हाताने बांधलेलं ते प्लास्टिक तिने ओढून काढलेलं.

"काकी, घर भिजलं तुझं."

"घर वाळतं," काकी म्हणाली. अडीच महिन्यांतला पहिला शब्द.

"तुला कसं कळलं? जोड कोणी सांगितली तुला?"

"मला कोण सांगणार? तुम्ही पुरुष सांगता होय काय?" तिला धाप लागलेली, पण तोंड चालू. "चाळीस वर्षं या ओटीवर बसून तुझ्या काकाची वाट बघितली. येणारी प्रत्येक होडी आधी माझ्या दाराकडे तोंड करते, मग सरळ येते. मी म्हणायची, माझ्याच दाराकडे का बघतात मेले? आज बघते तर तुझी होडी बाजारात चुकलेल्या माणसासारखी इकडे जाते, तिकडे जाते. तेव्हा म्हटलं, अगं बाय, यांना माझं दार सापडत नाय."

"मग त्या दिवशी सांगायचं ना, की जोड हाय, कापू नको."

"तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? मला माझा माड हवा होता, म्हणून नको म्हणाली."

मी वाकलो, तिच्या पाया पडायला. तिने पायानेच मला ढकललं.

"पाया नंतर पड. हात लाव आधी! बायका दमल्या. दोन होड्या अजून बाहेर हायत."

मी बांबू धरला. वरून वारा असा ओढत होता की खांदे निखळतील असं वाटलं. ह्या बायकांनी एवढा वेळ कसा धरला असेल, देव जाणे. पाय बुंध्याला लावले आणि उभा राहिलो. आणि पहिल्यांदाच मी आमच्या खाडीचं तोंड त्या जागेवरून बघितलं. पांढरा फेस, त्याच्या पलीकडे काळं पाणी, आणि पावसात एक ठिपका. ठिपका डावीकडे गेला, थांबला, उजवीकडे गेला. चुकलेल्या माणसासारखा. मग त्याने तोंड फिरवलं. सरळ माझ्याकडे. असं वाटलं की त्या होडीतले चार जीव मला नाव घेऊन हाक मारतायत.

"आला," काकी म्हणाली. "हलू नको आता."

मी श्वाससुद्धा हळू घेतला. होडी म्हशी आणि दात्याच्या मधून निघाली, खाडीत आली, आणि बायका ओरडल्या. काकी नाय ओरडली. "एक राहिली," म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. गोमतीच्या कमरेच्या पिशवीत, दोन प्लास्टिकमधे गुंडाळलेला. तिने एक हात सोडून काढला, ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"श्रीपत नाखवा. वादळी हवा हाय म्हणून विचारतायत. माझी होडी शाबूत हाय ना, म्हणतायत."

"कोणाची होडी?"

"माझी, म्हणतायत."

मी समुद्राकडे बघत होतो. तिसरा ठिपका दिसायला लागला होता.

"सांग, हात अडकलेत. आत्ता बोलता येणार नाय."

गोमतीने सांगितलं. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "मग कधी मोकळे होणार, विचारतायत. परवा येऊ का न्यायला?"

माझ्या आधी बांबूच्या पलीकडून काकीच खेकसली, "गोमती, सांग त्याला, आमच्या माणसाला इथं लई काम हाय! येऊ नको म्हणावं!"

गोमतीने मला विचारलं नाय. तिने फोन तसाच बंद केला, पिशवीत टाकला आणि दोन्ही हात बांबूला लावले.

"डावीकडे झुकतोय हशा," काकी म्हणाली. "नीट धर की मेल्या."

मी नीट धरला.